आधी कोण बोललं

डिसेंबर लागला की गंगापूर रोडच्या हवेला एक ठरावीक वास येतो. द्राक्षबागांत मारलेल्या औषधाचा, ओल्या मातीचा, आणि गारठा फार वाढला तर बांधावर पेटवलेल्या पाचोळ्याचा. तो धूर माणसांच्या उबेसाठी नसतो, द्राक्षांसाठी असतो. कोवळे मणी थंडीने तडकू नयेत म्हणून शेतकरी बागेत धूर कोंडून ठेवतात. आज सकाळी खिडकी उघडली आणि तो धूर सरळ माझ्या टेबलापर्यंत आला. टेबलावर एम.ए.चं इतिहासाचं पुस्तक उघडं पडलं होतं, कालच्याच पानावर. प्रश्न असा होता: युद्ध करणारे राष्ट्र अखेर शरणागती का पत्करते?

उत्तर त्याच पानावर खाली आहे. रसद तुटते, राजधानीला वेढा पडतो, मित्रराष्ट्रे पाठ फिरवतात, सैन्याचे मनोधैर्य खचते. सगळं मला पाठ आहे. पाठ मला चांगलं होतं, कारण लहानपणी माझं कामच ते होतं. एकाचं बोलणं जसंच्या तसं दुसऱ्याकडे न्यायचं, त्यात आपलं काही घालायचं नाही.

हे काम मी एकाहत्तरच्या हिवाळ्यापर्यंत केलं.

दादा म्हणजे माझे वडील. यशाकाका त्यांना दादा म्हणायचा म्हणून मीही दादाच म्हणायची. पाटबंधारे खात्यात ते कारकून होते. यशाकाका त्यांचा धाकटा भाऊ. आई-वडील लवकर गेले, तेव्हा दादांनी स्वतःचं शिक्षण मॅट्रिकवर सोडून दिलं आणि काकाला कॉलेजात घातलं. आमच्यासारख्या बौद्ध घरात पुस्तकाला काय किंमत असते, ते ज्याला पुस्तक सहज मिळालं त्याला कळणं कठीण आहे. काकाच्या कॉलेजच्या पहिल्या दिवशी दादांनी त्याच्या शर्टाला स्वतः इस्त्री केली होती, असं आई सांगते. आणि तो काका दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेला न बसता परस्पर सैन्यात भरती होऊन आला.

"पुस्तक उघडलं की माझ्या डोळ्यांवर झापड येते, दादा," एवढंच तो म्हणाला.

"एवढं शिकवलं ते बंदूक धरायला?" दादा म्हणाले. त्यानंतर त्यांनी काकाशी बोलणं सोडलं. काकाही हट्टी. त्यानेही सोडलं.

पण सुट्टीवर आला की तो आमच्याकडेच यायचा. दुसरं घर कुठे होतं त्याला? दोन खोल्या, चार माणसं, आणि त्यातल्या दोघांचा अबोला. मग मधे मी.

"बेबी, त्याला सांग, पाणी तापलंय."

काका दोन हातांच्या अंतरावर चटईवर बसलेला असायचा. मी मान वळवायची. "काका, पाणी तापलंय."

"दादाला सांग, आलोच."

"दादा, तो म्हणतोय आलोच."

आई आतून ओरडायची, "अहो, पोरीला जरा सुट्टी द्या. पोस्टसुद्धा रविवारी बंद असतं!"

मी मुळात न बोलणारी मुलगी. मिशनच्या शाळेत सिस्टरने प्रश्न विचारला की उत्तर येत असूनही मी बुटांकडे बघायची. वर्गात इंग्रजी, बाहेर मराठी, आणि दोन्हीकडे आपण चुकू अशी धास्ती. घरी मात्र दिवसभर बोलावं लागायचं, तेही दुसऱ्यांचं. काका मला इंग्रजी शाळेवरून 'मॅडम' म्हणायचा. त्याची पत्रंही मलाच यायची. "मॅडमना सॅल्यूट," अशी सुरुवात, आणि मजकुरात अधूनमधून, "दादाला सांग..."

त्या हिवाळ्यात युद्ध सुरू झालं तेव्हा काका पूर्वेच्या आघाडीवर होता. पूर्व म्हणजे नेमकं कुठे, ते लिहायची त्याला मुभा नव्हती. आमच्याकडे संध्याकाळी भोंगा वाजायचा आणि सगळी कॉलनी विझायची. खिडक्यांना काळे कागद लावलेले, ते चिकटवायला आईने कणकेची खळ शिजवलेली. त्या खळीचा आंबूस वास मला अजून अंधाराचाच वास वाटतो. मोटारींच्या दिव्यांवर वरच्या बाजूला काळा रंग फासलेला, त्यामुळे रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या झोपेतून उठल्यासारख्या दिसायच्या. द्राक्षबागांतल्या शेकोट्याही त्या दिवसांत पेटत नव्हत्या. देवळालीकडून सरावाच्या तोफांचा आवाज आम्हाला नेहमीचा होता, एरवी कुणी मान वर करून बघत नसे. त्या डिसेंबरात मात्र काच थरथरली की आईचा भाकरी थापणारा हात थांबायचा.

एका संध्याकाळी आम्ही तिघं तसे अंधारात बसलो होतो.

"जेवला असेल का?" आई म्हणाली.

"कोण?" दादा म्हणाले.

"कोण म्हणजे? मी मांजराचं विचारतेय."

मग दादा कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "तिकडे भात मिळतो. त्याला भात आवडतो."

दिवसा कॉलनीतली मुलं युद्ध खेळायची. पाकिस्तान व्हायला कुणी तयार नसायचं, म्हणून ते खातं माझ्याकडे आणि आणखी दोन लहान मुलांकडे यायचं. मी तक्रार करत नसे. विटांच्या ढिगामागे बसायचं, मातीचे गोळे संपले की हात वर करून बाहेर यायचं. एका दिवशी आम्ही हात वर करून बाहेर आलो तरी पोरांनी गोळे मारणं थांबवलं नाही. त्यांना मजा येत होती. माझ्या कपाळाला टेंगूळ आलं. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघंही ढिगामागून हललो नाही. गोळे संपले, तहान लागली, शेजारच्या घरातून पोह्यांचा वास आला, तरी हललो नाही. पोरं कंटाळून ओरडायला लागली, "अरे सरेंडर करा ना! आम्हाला घरी जायचंय!" आम्ही गप्प. शेवटी त्यांच्या आयांनी त्यांना हाका मारून नेलं. ते युद्ध कुणीच जिंकलं नाही.

पुस्तकातल्या त्या प्रश्नाखाली हे कारण दिलेलं नाही. हात वर केल्यावर काय होतं याचा अनुभव. तो चांगला नसेल तर राष्ट्रंसुद्धा विटांच्या ढिगामागेच बसून राहत असतील.

मग रेडिओवर ते आवाहन सुरू झालं. आपल्या सेनाप्रमुखांचा शत्रूच्या सैनिकांना निरोप होता: आता लढण्यात अर्थ नाही, शस्त्रं खाली ठेवा, तुम्हाला सैनिकाच्या सन्मानाने वागवलं जाईल. दादा ते कान देऊन ऐकायचे. आवाज अगदी बारीक ठेवलेला, कान रेडिओला जवळजवळ टेकलेला.

"बरोबर बोलावतायत," ते एकदा म्हणाले. "नुसतं 'ये' म्हटलं की कुणी येत नाही. आलास तर काय होईल, ते आधी सांगावं लागतं."

"हे शहाणपण थोडं घरातही वापरा," आई म्हणाली.

दादांनी रेडिओचा आवाज वाढवला.

मला त्यात एक गोष्ट कळत नव्हती. आमच्या घरी रोज संध्याकाळी चटईवर बसून वंदना व्हायची. तिच्यात आम्ही तिघं हात जोडून बुद्धाला शरण जायचो, आणि ती काही लाज वाटण्याची गोष्ट नव्हती. उलट वंदनेनंतर दादांचा चेहरा दिवसभरात पहिल्यांदा सैल व्हायचा. मी धीर करून विचारलं, "दादा, आपण जातो ते शरण आणि ते जाणार ते, वेगळं का?"

"वेगळं," ते म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला. "फार वेगळं नाही. जिथे आपल्याला कुणी मारणार नाही असं वाटतं, तिथेच माणूस जातो."

शरणागतीची बातमी संध्याकाळी आली. बघता बघता कॉलनीतल्या खिडक्यांचे कागद फाटले, आणि इतके दिवस दबलेला पिवळा उजेड एकदम अंगणात सांडला. कुणी थाळी बडवली, कुणी साखर वाटली. ज्या पोरांनी मला टेंगूळ आणलं होतं ती मला उचलून नाचवायला निघाली होती, मी आईच्या मागे लपले. दादा बाहेर आलेच नाहीत. ते रेडिओसमोर बसून होते, जणू त्या बातमीत पुढे एक नाव वाचून दाखवणार होते.

"शेवटचं कार्ड कधी आलं होतं?" त्यांनी मला विचारलं.

"युद्धाच्या आधी."

"हं."

पुढचे दिवस आमच्या घरात युद्ध संपलं नव्हतं. पोस्टमनची सायकल वळणावर दिसली की आई हातातलं पीठ न धुता दारात यायची. दादांचं ऑफिसला निघणं रोज थोडं थोडं उशिरा होऊ लागलं, पोस्टमन येऊन जाईपर्यंत. कारण रोज नवीन. आज बटण तुटलं, आज सायकलच्या चेनमध्ये पँट अडकली. आणि अशाच एका सकाळी कार्ड आलं. मॅडमना सॅल्यूट. मी सुखरूप आहे. दादाला सांग, इथल्या नद्या इतक्या रुंद आहेत की त्याचं पाटबंधारे खातं बघूनच घाबरेल.

मी कार्ड दादांपुढे धरलं. त्यांनी हात मागे घेतला.

"तुझं कार्ड आहे. तूच वाच." मग म्हणाले, "मोठ्याने वाच."

मी वाचलं. आई पदर डोळ्यांना लावून तिथेच उंबऱ्यात बसली.

"परत वाच," दादा म्हणाले. "नद्यांचं नीट ऐकू आलं नाही."

काका तिथे काय पाहत होता ते मला फार पुढे कळलं. या वर्षी हा अभ्यासक्रम हातात आला तेव्हा मी त्यालाच विचारलं, का शरण आले रे ते? तो हसला. आता त्याचे केस विरळ झाले आहेत, हसताना कानामागे हात फिरवतो.

"कुणीतरी मदतीला येईल म्हणून लढत होते. आकाशातून येईल, समुद्रातून येईल. कुणी येत नाही हे कळलं की बंदूक एकदम जड होते, मॅडम."

"एवढंच?"

"नाही. त्यांनी तिथल्या लोकांचं इतकं वाईट केलं होतं की त्या लोकांच्या हाती लागायची त्यांना भीती. आम्ही फौजी. आम्ही मारणार नाही, एवढा भरवसा त्यांना आमचा वाटला. शरण आल्यावरही काही दिवस त्यांची शस्त्रं त्यांच्याकडेच राहू दिली होती, माहितीय? स्वतःच्या रक्षणासाठी. आणि पहिल्या दिवशी त्यांनी काय केलं सांगू? झोपले. मी पहाऱ्यावर उभा, आणि ते घोरतायत. मला हेवा वाटला त्यांचा."

त्याच्या बोलण्यात जिंकल्याचा सूर नव्हता. ज्यांची गावं जळली त्या लोकांचं तो बराच वेळ बोलला, आणि मग एकदम थांबून त्याने चहा मागितला. मी हे काही उत्तरपत्रिकेत लिहिणार नाही. पण युद्ध थांबवणारं कारण फक्त हरणाऱ्याकडे नसतं, असं मला तेव्हापासून वाटू लागलं आहे. थोडं कारण जिंकणाऱ्याने जवळ ठेवलेलं असतं, आणि ते तो देईल की नाही यावर पुष्कळ काही अवलंबून असतं.

त्या युद्धानंतरची संक्रांत झाली, बागांत पहिली द्राक्षं उतरायला लागली, आणि काकाला सुट्टी मिळाल्याचं कार्ड आलं. पहाटेच्या गाडीने नाशिकरोडला उतरणार होता.

"स्टेशनवर कुणीतरी जायला हवं," दादा जेवताना म्हणाले.

"कुणीतरी म्हणजे?" आईने विचारलं.

"बेबी जाईल. कार्ड तिलाच येतं ना."

"पहाटे? एकटी?"

"मग मला तिला सोडायला जावं लागेल," दादा म्हणाले, आणि आपल्यावर मोठंच काम पडल्यासारखा सुस्कारा टाकला. आईने तोंड फिरवलं. ती हसत होती की आणखी काही, ते मला दिसलं नाही.

फलाटावर बोचरी थंडी होती. उजाडत होतं, पण रुळांवर धुकं तसंच बसलेलं. दादांनी कानाला मफलर गुंडाळला होता आणि चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरला होता. गाडी यायच्या आधी त्यांनी मला सगळे निरोप देऊन ठेवले.

"त्याला सांग, वहिनीने पाणी तापत ठेवलंय. सांग, सामान जड असेल तर हमाल करू. सांग, डोक्याला काही बांध, वारा आहे. आणि सांग..."

"आणखी काय?"

"काही नाही. बास."

मी ते मनात घोकत उभी राहिले. पाणी, हमाल, वारा. मला भीती वाटत होती. निरोप विसरण्याची नाही, ते बरोबर पोचतील याची. पोचले तर काका म्हणेल, दादाला सांग, बरं. मग आम्ही घरी जाऊ, आणि तो परत निघून जाईल, आणि पुढच्या युद्धापर्यंत मी अशीच दोघांच्या मधे उभी असेन.

गाडी आली. एका डब्यातून जवानच जवान उतरले. सगळ्यांचे कोट सारखे, ट्रंका सारख्या, केस सारखे कापलेले. दादांच्या चष्म्यावर चहाची वाफ बसली होती. आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे, इतकी वर्षं त्यांनी काकाच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. तो समोर बसला की ते भिंतीकडे बघत, तो उठून चालू लागला की मग त्याच्याकडे बघत. त्यांना काकाची फक्त पाठ ओळखू यायची.

त्यांनी एक पाठ ओळखली. उंच, सडपातळ, डावा खांदा जरा खाली. चहाचा ग्लास माझ्या हातात कोंबून ते गर्दीत घुसले आणि त्या पाठीवर हात ठेवला.

"यशा, किती वाळलास रे," ते म्हणाले. त्यांचा आवाज मी कधी तसा ऐकला नव्हता. "मी... अरे, मी रोज..."

तो जवान वळला. सावळा, मिशीवाला, अगदी अनोळखी माणूस. दादांचा हात हवेत तसाच राहिला. तो काही रागावला नाही. दादांकडे पाहिलं, त्यांच्या खांद्यावरून मागे पाहिलं, आणि हिंदीत म्हणाला, "बाबूजी, आपका आदमी शायद पीछे है।"

मागे यशाकाका उभा होता. ट्रंक खाली ठेवलेली, तोंड उघडं. त्याने सगळं ऐकलं होतं. दादा वळले, आणि दोघं एकमेकांसमोर आले. दादांनी लगेच नजर रुळांकडे नेली. काकाने सवयीने माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "दादाला सांग, मी इकडे आहे."

दोघंही माझ्याकडे बघत थांबले. मी नेहमीसारखं बुटांकडे पाहिलं. चहाचा ग्लास हाताला चटका देत होता. मग मी मान वर केली.

"तूच सांग," मी म्हणाले.

आयुष्यात मी इतकं मोठ्याने कधी बोलले नव्हते. शेजारून जाणारा एक हमालसुद्धा थांबला.

काकाने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा दादांच्या मफलरकडे. "दादा," तो म्हणाला. "मी इकडे आहे."

"दिसतंय मला," दादा म्हणाले. चष्मा काढून पुसायला लागले. खूप वेळ पुसला. "डोक्याला बांध काहीतरी. वारा आहे."

बसमध्ये आम्ही तिघं एका बाकावर बसलो, मी मधे. नाशिकरोड मागे पडलं. मग काका खिडकीबाहेर बघत म्हणाला, "शेवटी आधी तूच बोललास, दादा."

"मी? मी कुठे? मी त्या जवानाशी बोललो."

"नाव माझं घेतलंस ना?"

"माणूस दुसरा होता ना? तुझ्याशी मी बोललोच नाही. आधी तू बोललास. 'दादा, मी इकडे आहे.' बेबी साक्षीला आहे."

"ते मी पत्ता सांगितला! त्याला बोलणं म्हणतात का?"

"मग काय म्हणतात?"

"आणि वाळलास कुणाला म्हणालास? तो तर माझ्या दुप्पट होता!"

"धुकं होतं!"

कंडक्टर तिकिटं फाडत आमच्यापाशी आला. "ओ साहेब, जरा दमानं. मागं लोकं झोपलीत."

दोघं खालच्या आवाजात पुन्हा सुरू झाले. त्या भांडणाचा निकाल आजही लागलेला नाही. दिवाळीत एकदा तरी ते निघतंच. दोघांचीही खात्री आहे की समोरचा आधी शरण आला, आणि दोघांनाही ते तसंच राहायला हवं आहे.

त्या सकाळी मात्र मी साक्ष द्यायला तोंडच उघडलं नाही. द्वारका गेली, शालिमार आलं, धुकं विरून दुकानांच्या फळ्या निघायला लागल्या. एक आवाज माझ्या डाव्या कानाशी होता, दुसरा उजव्या, आणि दोन्ही माझ्या डोक्यावरून थेट एकमेकांकडे जात होते. घर येईपर्यंत मला कुणीही, कुणालाही, काहीच सांगायला लावलं नाही.